सेट नाही, माणसं कमी, आणि जिना तर हवाच : एकांकिकेच्या अडचणींतून कल्पना नेमकी काढायची कशी?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसवतोय, प्रयोगाला २४ दिवस आहेत. लेखकाची परवानगी हातात आहे. गोष्ट अशी: जुनी चाळ, धोकादायक म्हणून नोटीस लागलेली, पावसाची एकच रात्र. सगळं दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत घडतं आणि प्रत्येक जण जिन्यानेच येतो-जातो.

आमच्याकडे काय आहे आणि काय नाही:

पात्रं ११, नट ६ (चार मुलगे, दोन मुली). नेपथ्य, कपडे, टेम्पो सगळं मिळून आठ हजार. मांडणीला १० मिनिटं, उतरवायला ५. प्रयोगाची मर्यादा ४० मिनिटं, संहिता नुसती वाचायलाच ३८ लागतात. नाट्यगृहाचे जनरल दिवे आणि चार स्पॉट मिळतील. बाहेरून दिवे आणायचे तर १६ अँपिअरचे दोन सॉकेट. जिना बांधणं शक्यच नाही. पाऊस सतत हवा.

जो भेटतो तो म्हणतो, "अडचणीलाच संधी माना, त्यातूनच सुचतं." मानली. पण म्हणजे सोमवारी तालमीला गेल्यावर करायचं काय? सध्या रोज अर्धा तास काय काय नाही याची उजळणी होते आणि पोरांचा उत्साह तिथेच संपतो.

---

सूत्रधार_सांगली

प्रश्न चांगला मांडलात. आकडे दिलेत म्हणून उत्तर देता येतंय. "बजेट नाही" ही तक्रार झाली. तिच्यातून काही सुचत नाही, कारण ती कुठल्याच जागेला धरून नसते.

सोमवारी एक वही घ्या. डाव्या पानावर अडचण लिहा, पण संहितेतल्या जागेसकट: "पान ७, घरमालक जिना चढून वर येतो, जिना नाही." उजव्या पानावर एकाच प्रश्नाचं उत्तर: ही वस्तू या नाटकात काम काय करते? दिसते कशी, हे लिहायचं नाही. काम लिहायचं. जिन्याची कामं मला तीन दिसतात. माणूस दिसण्याआधी त्याची चाहूल देणं. येणाऱ्याला आणि वाट बघणाऱ्याला थोडा वेळ देणं. आणि चाळ मोडकळीला आलीय हे सांगणं. या तिन्हींतलं एकही काम करायला जिना दिसावा लागत नाही. तो ऐकू आला की पुरे.

म्हणून जिना विंगेत, म्हणजे मंचाच्या बाजूच्या आडोशाला ठेवा, आवाजाचा. १४ पायऱ्या धरा आणि नववी मोडकी ठरवा. चाळकरी ती गाळूनच चढणार: आठ ठोके, एक लांब खंड, मग दहा ते चौदा. म्हणजे एकूण १३ ठोके. पहिल्या पाच मिनिटांत दोन माणसं अशीच येऊ द्या, पूर्ण १३ ठोके, संवाद थांबवून. प्रेक्षकाच्या कानाला तो खंड बसतो. मग पालिकेचा माणूस किंवा बिल्डरचा माणूस, म्हणजे जो कोणी परका असेल तो, चढायला लागला की आठव्या ठोक्यानंतर खंड पडणार नाही. थेट कडकड आवाज. सहा फूट जिना बांधून हा क्षण मिळाला नसता.

वेळेचा हिशेब मात्र आत्ताच करा. अर्ध्या सेकंदाला एक ठोका धरला तर १३ ठोके आणि खंड मिळून सात-साडेसात सेकंद. म्हातारं पात्र एका सेकंदाला एक पायरी चढलं तर चौदा. जिन्याच्या नऊ एंट्र्या असतील तर मिनिटाहून जास्त वेळ त्यातच गेला, आणि तुमच्याकडे एकूण दोनच मिनिटं मोकळी. म्हणून सुरुवातीच्या दोन आणि परक्याची एक एवढ्याच पूर्ण. बाकी वेळा फक्त सात, आठ, खंड, दहा, अकरा. तेवढ्यानेही कान पुरतं ओळखतो.

आता ११ पात्रं आणि ६ नट. तक्ता आखा. डावीकडे पात्रांची नावं एकाखाली एक, वरच्या ओळीत संहितेची अर्धी-अर्धी पानं. प्रवेश हे माप इथे चालत नाही, तुमचा तर सलग एकच प्रवेश दिसतोय. पात्र जिथे मंचावर आहे ते चौकोन काळे करा. ज्या दोन ओळींत काळे चौकोन एकाखाली एक येत नाहीत आणि मध्ये किमान एक पांढरा सुटतो, ती जोडी एका नटाला देता येते. अर्धं पान म्हणजे किती सेकंद, हे ३८ मिनिटांना पानांच्या संख्येने भागून काढा. ४० सेकंदांपेक्षा कमी वेळात फक्त टोपी, चष्मा किंवा उपरणं बदलतं. पँट-शर्टाच्या नादी लागू नका, घामाने शर्ट अंगाला चिकटतो आणि बटणात बोटं अडकतात.

हे झालं गणित. पण त्या तक्त्यातून शक्य जोड्या साधारण पंधरा-वीस निघतील, आणि त्यातली कुठली निवडायची इथे खरं काम आहे. नोटीस देणारा आणि वीस वर्षांपूर्वी चाळ सोडून गेलेला मुलगा एकाच नटाने केले तर? म्हातारीने नोटीसवाल्याकडे क्षणभर जास्त बघितलं की काम झालं, एक वाक्यही वाढवायला नको. फाळक्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या होत्या. पडद्यावर ते निभतं, कारण मध्ये कापता येतं. मंचावर दोघं समोरासमोर आले की संपलं. म्हणून तक्ता आधी, कल्पना नंतर.

एक नियम पाळा. बदल प्रेक्षकांसमोर करायचा असेल तर पहिला बदल पहिल्या तीन मिनिटांत दिसू दे. विसाव्या मिनिटाला पहिल्यांदा कुणी समोर टोपी बदलली तर लोक समजतात, विंगेत जायला वेळ मिळाला नाही.

---

पडद्यामागे

जिन्याबद्दल वरच्यांशी सहमत. मी दिवे आणि मांडणीपुरतं बोलतो.

१००० वॉटचा हॅलोजन पार (मंचावरचा डब्यासारखा दिवा) २३० व्होल्टला ४.३५ अँपिअर घेतो. १६ च्या सॉकेटवर तीन लावले की १३ झाले. चौथा लावला की १७.४, आणि एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) पडू शकतो. तोही बहुधा प्रयोगात, सगळे दिवे एकदम पूर्ण केल्यावर. दोन सॉकेट म्हणजे सहा दिवे असं धरू नका. दोन्ही एकाच एमसीबीवर असू शकतात, नाट्यगृहाच्या वायरमनला आधी विचारा. एक्स्टेन्शनची वायर २.५ चौरस मिलिमीटरची घ्या आणि वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरवरून तीन किलोवॉट नेलं तर ती आतून वितळते.

तुमच्या नाटकाला खरं तर सहा दिवे लागतही नाहीत. पावसाची रात्र, जुनी चाळ. वीज गेलेली असू शकते ना? पण ती मध्येच घालवू नका. पडदा उघडतो तेव्हाच गेलेली असू दे. मग प्रत्येक येणाऱ्याकडे स्वतःचा उजेड असेल: कुणाकडे बॅटरी, कुणाकडे मोबाइल, म्हातारीकडे कंदील (आत एलईडी घाला, खऱ्या ज्योतीला नाट्यगृहात सहसा परवानगी नसते). कोण कुणाच्या तोंडावर बॅटरी मारतो, यातून चाळीतली भांडणं दिसतील. जनरल दिवे १५-२० टक्क्यांवर निळसर ठेवा, म्हणजे नटाची बॅटरी चुकली तरी चेहरा पूर्ण जाणार नाही. बॅटरी थेट प्रेक्षकांच्या डोळ्यांवर जाता कामा नये. प्रत्येक नटाला मंचाच्या पुढच्या कडेच्या अलीकडे दोन फुटांवर एक काल्पनिक रेघ द्या, झोत तिच्या पलीकडे नाही.

पात्रं कमी पडतात तिथे सावल्या वापरा. चाळीत वाळत घातलेली चादर असतेच. डबलबेडची साधी पांढरी सुती चादर साधारण ९० बाय १०० इंच असते, तेवढ्यात जोड न देता काम भागतं. मांजरपाट शिवून घेतला तर शिवणीची काळी रेघ सावलीच्या छातीतून जाते. दिवा चादरीच्या मागे आठ फुटांवर. माणूस चादरीपासून दोन फुटांवर उभा राहिला तर सावली १.३३ पट होते, म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस सव्वासात फुटांचा. चार फुटांवर गेला की दुप्पट, अकरा फूट, आणि डोकं चादरीच्या वर. जागा फरशीवर टेपने आखा, अंदाजावर सोडू नका.

दिवा एकच हवा, आणि लहान तोंडाचा. इथे हमखास चूक होते: लोक एलईडी पार लावतात. त्यात लाल, हिरवे, निळे दाणे वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे सावलीच्या कडेला इंद्रधनुष्य दिसतं. साधा ५०० वॉटचा हॅलोजन घ्या, जमिनीजवळ ठेवा आणि त्याच्यासमोर प्रेक्षकांच्या बाजूला एक खोका टाका. नाहीतर चादरीतून दिव्याचा पांढरा गोळा दिसत राहतो. आणि सभागृहातले मंचाजवळचे पंखे बंद करायला सांगा. चादर हलली की सावल्यांचा अख्खा जमाव पोहायला लागतो.

चादरीची दोरी विंगेला किंवा नाट्यगृहाच्या फ्लॅटला (नेपथ्याच्या उभ्या चौकटीला) बांधू नका. दोन स्टँड, प्रत्येकावर २० किलो वाळूची पिशवी. दोरीचा ताण स्टँडला आत ओढतो, म्हणून पिशवी बाहेरच्या पायावर ठेवायची. लोक मधोमध ठेवतात आणि ओली चादर टाकली की स्टँड नटाच्या अंगावर येतो. नायलॉनची दोरी ताणाने लांबते, त्यापेक्षा बारीक जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार बरी.

एवढं सामान, म्हणजे दोन स्टँड, तार, दोन चादरी, एक खोका आणि जिन्याच्या आवाजासाठी लेव्हल (लाकडी चौथरा), चार जणांनी सहा मिनिटांत लागतं. तालमीत घड्याळ लावून पाच वेळा मांडा. चार मिनिटं हाताशी राहू द्या, दिवे फोकस करायला तीच लागतात.

---

खडूस_प्रेक्षक

सगळं छान, पण थोडं पाणी ओततो.

दरवर्षी स्पर्धेत अर्धी नाटकं काळे टी-शर्ट, चार खोके आणि कोरस यांचीच असतात. खोका म्हणजे बस, खोका म्हणजे टेबल, खोका म्हणजे बापाची तिरडी. विचारलं की "मर्यादेतून सुचलं." सुचलं नाही हो, गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडून उचललं. अडचण तुमची होती, उत्तर दुसऱ्याचं.

आमच्या दशावतारात एकच बाकडं असतं. राजा बसला की सिंहासन. लिखित संहिता नाही, नट संवाद जागच्या जागी रचतो, आणि रात्रभर खेळ चालतो. तमाशात मंचाला एक फेरी मारली की गाव बदललं. तिथे कुणाला काही कमी आहे असं वाटत नाही, कारण तो संकेत पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच असतो आणि नट त्याबद्दल ओशाळत नाही. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) पाठमोऱ्या उभ्या ब्राह्मणांच्या रांगेचा पडदा झाला, तोही फक्त पडदा नव्हता. जे लपवायचं ते लपवणारी माणसंच तिथे उभी होती. वस्तूऐवजी माणूस उभा केला तर माणसामुळे अर्थ वाढला पाहिजे. नाही वाढला तर सरळ वस्तूच आणा.

म्हणून कसोटी: युक्ती काढून टाका आणि संहिता पुन्हा वाचा. गोष्ट तशीच राहिली तर युक्ती सजावट आहे, फेका. नवव्या पायरीची कल्पना या कसोटीला उतरते. पायरी काढली तर परका माणूस परका आहे हे वेगळं सांगावं लागेल. चादरीच्या सावल्यांबद्दल मला शंका आहे. सावलीतल्या जमावाला काही काम आहे का, की आकडा भरायला उभा केलाय? ११ पैकी दोन पात्रं फक्त एकेक वाक्य बोलत असतील तर ती विंगेतून हाक म्हणून येऊ द्या आणि चादर वाळू द्या.

आणखी एक. सगळ्याच अडचणींना मिठी मारायची नसते. शेवटच्या रांगेत ऐकू न येणं, उघडी वायर, पाठांतर नसणं, ३८ मिनिटांची संहिता: या सोडवायच्या असतात. "आवाज पोचत नाही, ही आमची शैली" असं परीक्षकांना सांगता येत नाही. वहीचे दोन भाग करा, एक वापरायच्या अडचणी आणि एक मिटवायच्या. दुसऱ्या भागात कल्पकता चालवू नका, फक्त नाव आणि तारीख लिहा: कोण करणार, कधीपर्यंत.

---

तिसरी_घंटा

मंडळी, मनापासून आभार. तक्ता आखला. ११ पैकी दोन पात्रं खरोखर एकेकच वाक्याची आहेत, ती हाकेवर टाकतो. उरली ९, आणि ६ नटांत ती बसतात. म्हातारीचा मुलगा आणि नोटीसवाला ही जोडीही जुळली, मध्ये तीन अर्धी पानं मोकळी आहेत. सावल्या सध्या बाजूला.

दोन प्रश्न. पहिला, ठोके आणि पाऊस एकत्र आले की ठोके बुडतात. रेकॉर्ड केलेला पाऊस कमी केला तर रेडिओच्या खरखरीसारखा वाटतो. दुसरा, नवीन कल्पना रोज येताहेत आणि तालीम पुढे सरकतच नाही. आधी काहीच सुचत नव्हतं, आता थांबत नाही!

---

सूप_आणि_पत्रा

पाऊस रेकॉर्ड केलेला नकोच. त्यात सगळे स्वर सपाट भरलेले असतात, म्हणून ठोक्यांना जागा उरत नाही. बांबूचं सूप घ्या, त्यात पाव किलो हिरवे मूग, आणि सूप तिरकं धरून सावकाश गोल फिरवा. हा गॅलरीच्या छपरावरचा पाऊस. ॲल्युमिनियमची परात घेतलीत तर गारा पडल्यासारखं वाजतं, ते शेवटच्या जोरासाठी ठेवा. माइक सुपापासून एक फुटावर, खालच्या बाजूला. अगदी जवळ नेला तर मुगाचा एकेक दाणा ऐकू येतो आणि लोकांना स्वयंपाकघर आठवतं. वाजवणारा माणूस जिवंत असल्याचा मोठा फायदा: पहिला ठोका पडला की तो हात हलका करतो, चौदावा पडला की पुन्हा भरतो. लोकांना पाऊस कमी झालेला कळत नाही, फक्त जिना स्पष्ट होतो.

गडगडाटाला तीन बाय सहा फुटांचा पातळ पत्रा वरून टांगा आणि खालची कड दोन्ही हातांनी हलवा. जाड पत्रा भांड्यासारखा वाजतो. कडांना टेप लावा, हात कापतात. सबंध नाटकात दोनदाच वापरा.

ठोक्यांसाठी चार बाय दोन फुटांची पोकळ लेव्हल, वर १२ मिलिमीटर प्लाय, उघडी बाजू मंचाकडे. चढणारा जागच्या जागी पावलं टाकतो. लांबून येतोय हे दाखवायला पहिल्या चार पायऱ्या गोणपाटावर, पुढच्या उघड्या प्लायवर. प्रत्येक पात्राला वेगळी चप्पल द्या. कोल्हापुरी करकरते, रबरी स्लीपर टाच आपटून फटफटते, म्हातारी अनवाणी आणि सोबत काठी, म्हणजे तिचे ठोके दोन-दोन. सहाव्या-सातव्या मिनिटापासून नाव न घेता कोण येतंय ते प्रेक्षकालाच कळायला लागेल. परक्याला बूट. कडकड आवाजाला वाळक्या खोक्याच्या फळीची पट्टी दोन विटांवर ठेवून पायाने मोडा. प्रत्येक प्रयोगाला नवी, म्हणून तालमीसकट डझनभर कापून ठेवा. ओली पट्टी मोडत नाही, नुसती वाकते. टेम्पोत पावसापासून जपा.

---

सूत्रधार_सांगली

दुसऱ्या प्रश्नाचं. अडचणीवर सुचायला लागलं की त्याची चटक लागते. तारखा ठरवा. आजपासून आठवा दिवस ही शेवटची तारीख, त्यानंतर नवीन कल्पना वहीत लिहायची पण मंचावर आणायची नाही. नववा ते सोळावा दिवस फक्त हालचाली पक्क्या करणं आणि काटछाट. ३८ चं वाचन ३४ वर आलं पाहिजे, कारण मंचावर तेच ३८ होतं. कापताना आधी ती वाक्यं शोधा जी आता जिनाच सांगतोय: "कोण आलं बघ गं", "जपून, पायरी मोडलीय", "अंधारात कोण आहे?" ही सगळी गेली तर मिनिटभर सहज सुटेल.

त्या आठ दिवसांत रोज वीस मिनिटं एक खेळ घ्या. प्रवेशाचा एक तुकडा निवडायचा आणि त्यातलं एक काहीतरी काढून घ्यायचं. एक दिवस शब्द नाहीत, फक्त पावलं. एक दिवस पूर्ण अंधार, एकच बॅटरी. एक दिवस अख्खी गॅलरी चार बाय चार फुटांत. नटांना आधी सांगू नका. पाहणाऱ्यांपैकी एकाने फक्त एवढंच लिहायचं: काढून घेतल्यावर कुठली गोष्ट जास्त कळली? नट सहा असले की दोघं नेहमी बाहेर राहतात, त्यांनाच हे काम. रोज अर्धा तास जी उजळणी होत होती, तिच्या जागी हे.

एक जागा सांभाळा. विंगेत पावलं टाकणारा नट आणि मंचावर येणारा नट एकच असेल तर चौदाव्या ठोक्यानंतर त्याला लेव्हलवरून उतरून एंट्रीला यायला दोन-अडीच सेकंद लागतील. ते रिकामे दिसतात. लेव्हल एंट्रीच्या विंगेतच ठेवा, तोंड मंचाकडे करून. शेवटचं पाऊल थेट मंचावर पडलं पाहिजे.

---

पडद्यामागे

आणि त्या विंगेत लेव्हलच्या कडेला पांढरी टेप लावा. तुमच्या नाटकात वीज गेलेली आहे, विंगेतही अंधारच असणार. कोल्हापुरी घालून बारा इंचांवरून उतरायचंय.